अद्भुताचा जमाखर्च
(तिसगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्याने योजिली जातात, त्यांनी आपली सारी हयात या पंचक्रोशीतील मुलांच्या हाती पुस्तके देण्यात वेचली. अशा व्यासपीठावरून चित्रपटावर, म्हणजे अद्यापही अनेकांच्या लेखी केवळ करमणुकीच्या असलेल्या विषयावर, बोलण्याची परवानगी मी मागितली आणि चालकांनी ती कोणतीही अट न घालता दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

माझा विषय एका फिर्यादीची शहानिशा करण्याचा आहे. अलीकडे मोठ्या पडद्यावर येणाऱ्या अद्भुत साहसपटांत, ज्यांत देव-दानव, अस्त्रे, उडते पशू आणि कोसळणारी नगरे यांची रेलचेल असते, दृश्यांच्या थाटाने कथेचा बळी घेतला आहे, अशी ती फिर्याद. ती बहुधा वडीलधारी माणसे करतात, आणि तरुण मंडळी तिला म्हातारपणाची कुरकुर म्हणून निकालात काढतात. न्यायाच्या दृष्टीने दोन्ही पक्षांची कैफियत ऐकली पाहिजे. कारण भव्य आणि अघटित ते पाहण्याची हौस हा आजच्या पिढीने आणलेला दुर्गुण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून राक्षसपार्टीच्या आरोळ्यांवर आणि तिच्या उग्र सोंगांवर आपल्या पणजोबांनी मनसोक्त प्रेम केले आहे.

हा विषय तिसगावी बोलावा असे मला वाटले, त्याला कारण आहे. गर्भगिरीच्या डोंगररांगेचा हा सारा मुलूख नाथांचा आहे. मढीस कानिफनाथांची समाधी, सावरगावच्या माथ्यावर मायंबा म्हणून पूजिले जाणारे मच्छिंद्रनाथ, आणि या दोहोंच्या शेजारी वृद्धेश्वराचे पुरातन देवस्थान. तेव्हा अद्भुतकथा ही येथील माणसाला ग्रंथात वाचावी लागत नाही, ती त्याला वाटेवर भेटते. घरोघर श्रावणात लागणाऱ्या ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीच्या चाळीस अध्यायांत चमत्कारांची जी गर्दी आहे, तिच्यापुढे आजच्या कोणत्याही चित्रपटाचा पसारा लहानच ठरावा. मग प्रश्न असा, की इतक्या चमत्कारांनी खच्चून भरलेली ती पोथी पिढ्यान्‌पिढ्या ऐकूनही माणसे कंटाळत नाहीत, आणि त्याहून कितीतरी अधिक खर्चाने उभे केलेले चमत्कार दुसऱ्या आठवड्यात चित्रपटगृहे रिकामी का करतात?

याचे उत्तर त्याच पोथीत मिळते. गोरक्ष आणि कानिफ यांची वनात गाठ पडते तो प्रसंग आठवा. कानिफनाथ मंत्रबळाने झाडावरचे पिकलेले आंबे आपल्यापुढे आणवितात; गोरक्षनाथ उरलेली फळे पुन्हा त्याच फांद्यांना जोडून दाखवितात. दोन सिद्धांची ही चढाओढ दृश्य म्हणून विलक्षण आहे, आणि एखाद्या धंदेवाईक कथाकाराने ती आंब्यावरून पर्वतावर आणि पर्वतावरून ग्रहगोलांवर नेली असती. पोथीकार मात्र त्या चढाओढीच्या भरात एकाच्या तोंडून असे वाक्य वदवितो, की ज्यापुढे सारी अस्त्रे फिकी पडावी: तुझा गुरू स्त्रीराज्यात विषयसुखात गुंतून पडला आहे. आणि दुसरा तितक्याच तिखटपणे सांगतो, की तुझा गुरू घोड्याच्या लिदीखाली गाडला गेला आहे. आता आंबे कोणाला आठवतात? दोघेही शिष्य आपापल्या गुरूच्या सुटकेस निघतात, आणि पुढचे कितीतरी अध्याय त्या एका वार्तेवर चालतात. चमत्काराने श्रोत्याचे लक्ष वेधले, आणि त्या वेधलेल्या लक्षावर कथेने आपला हक्क सांगितला.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की अद्भुताची किंमत कथेच्या आत कोणी तरी मोजली पाहिजे. ज्या चमत्काराने कोणाचे काही जात नाही, कोणाला काही सोसावे लागत नाही, ज्याच्या आधी आणि नंतर पात्रे जशीच्या तशीच राहतात, त्याचा खर्च केवळ निर्मात्याच्या खजिन्यातून होतो आणि प्रेक्षकाच्या मनाच्या दप्तरी त्याची नोंद राहत नाही. आपल्या नाट्यशास्त्राने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव मानला, हे सर्वविदित आहे. परंतु त्याच शास्त्राने रसनिष्पत्तीसाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग आवश्यक मानला, म्हणजे विस्मयाला कारण हवे, तो ज्याला वाटतो तो मनुष्य हवा, आणि त्याच्या चित्तातील चढउतार हवेत, हे आपण विसरतो. ग्रीकांच्या ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची सहा अंगे सांगताना दृश्यसज्जेला आकर्षक पण काव्याशी सर्वांत कमी संबंध असलेले अंग म्हटले. त्याचा निवाडा मला किंचित कठोर वाटतो, कारण त्याच्यापुढे नाटक होते आणि आपल्यापुढे चित्रपट आहे, ज्याची भाषाच मुळी दृश्याची आहे. दृश्याची भाषा असणे आणि केवळ दृश्य असणे यांतला फरक पाहण्यासाठी आपल्याला या कलेच्या आपल्याकडील उगमाकडे गेले पाहिजे.

दादासाहेब फाळके यांना पुष्कळ लोक धार्मिक चित्रपटांचे जनक म्हणून ओळखतात. ते हाताचे जादूगारही होते, आणि ‘केल्फा’ हे आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून घेतलेले नाव लावून ते जादूचे प्रयोग करीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चमत्काराची ज्याला इतकी आवड, त्याने भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी पहिले चित्रण कशाचे केले? मातीत पेरलेल्या एका दाण्यातून अंकुर फुटून रोपटे वाढते, त्याचे. कित्येक दिवस थोडे थोडे चित्रण करून त्यांनी ती वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली. त्या अंकुरापाशी ना देव होता ना दानव, पण काळाच्या पोटातील एक गुपित त्याने उघडे केले होते, आणि त्याची किंमत फाळक्यांनी धीराने मोजली होती. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात आला, आणि १९१७ साली ‘लंकादहन’ आला, ज्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तरी प्रेक्षकांनी हात जोडले.

परंतु माझ्या विषयाला सर्वांत उपयुक्त दाखला १९१९ सालच्या ‘कालिया मर्दना’चा आहे. फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी त्यात श्रीकृष्ण झाली आहे. चित्रपटाच्या आरंभी दादासाहेब आपल्याला कृष्ण दाखवीत नाहीत. ते आधी त्या मुलीचा साधा चेहरा दाखवितात, तिचे हसणे, रुसणे, रागावणे दाखवितात, आणि मगच तो चेहरा मुकुट-मोरपिसांच्या कृष्णात विरघळतो. प्रेक्षकाशी केलेला हा सरळ करार आहे: हे सोंग आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे, आता ते सोंग खरे वाटते की नाही ते पाहा. नंतर यमुनेच्या डोहातील युद्ध येते. पाण्याखालची ती झुंज आजच्या मुलाला कापडी सापाची वाटेल. पण फाळके ती झुंज एकसलग दाखवीत नाहीत, ते पुन्हा पुन्हा काठावर येतात, जेथे गोकुळ जमले आहे आणि यशोदा आक्रोश करीत आहे. डोहात काय घडते आहे हे आपल्याला दिसते, काठावरच्यांना दिसत नाही. आणि या दोन दृष्टींच्या मध्ये जी कालवाकालव होते, तिच्यातून कालियाची फणा खरी होते. चमत्काराची किंमत येथे आईने मोजली आहे.

त्यानंतर तेरा वर्षांनी नाथांचीच कथा पडद्यावर आली. कोल्हापुरात असतानाच प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट मराठीत आणि हिंदीत काढला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, दुर्गाबाई खोटे स्त्रीराज्याची राणी, आणि विनायक गोरक्ष. पुरुषद्वेष्ट्या राणीचे वैभव, तिच्याजवळ वावरणारा पाळीव चित्ता, मांत्रिक सामर्थ्याचे प्रयोग, असा त्या काळाच्या मानाने अतिशय खर्चिक असा थाट त्यात होता, आणि तो पाहण्यासाठीच लोक गेले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या थाटाचे कथेत नेमके स्थान काय? ते सारे वैभव ही माया होती, मच्छिंद्र आपल्या गुहेत समाधी लावून बसलाच होता, हा उलगडा चित्रपटाच्या शेवटी होतो. म्हणजे डोळे दिपविणारे जे जे आपण पाहिले, तेच खोटे ठरविणे हा कथेचा हेतू होता, आणि ते दिपविणारे नसते तर ते खोटे ठरल्याने आपले काहीच गेले नसते. प्रेक्षक तेथे गोरक्षाइतकाच फसतो आणि गोरक्षाइतकाच सावध होतो. दृश्याचा थाट आणि कथेचा अर्थ यांचे इतके पक्के साटेलोटे आपल्या चित्रपटात फार थोड्या वेळा जमून आले आहे.

पोथीतील त्यापुढचा प्रसंग तर आपल्या दारातला आहे. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्राने झोळीत सोन्याची वीट आणली, आणि ती गोरक्षाने फेकून दिली. गुरू हळहळला, तेव्हा शिष्याने मंत्रबळाने अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखविला. तो डोंगर गर्भगिरी. सुवर्णपर्वतासारखे दृश्य हाती आले असता आजचा दिग्दर्शक त्याभोवती किती वेळ छायायंत्र फिरवील, याची कल्पना आपण करू शकतो. पोथीत मात्र तो डोंगर केवळ एका वाक्याच्या उत्तरासाठी सोन्याचा होतो: गुरुदेव, आपण ज्याचा मोह धरला ते इतके स्वस्त आहे. पुढे त्या ठिकाणी मोठे अन्नदान झाले, आणि त्या पंगतीत प्रत्यक्ष आदिनाथ म्हाताऱ्याच्या रूपाने वाढण्यास आले म्हणून ते स्थान वृद्धेश्वर, अशी येथील श्रद्धा आहे. सोन्याच्या डोंगरापाशी लोकांनी देऊळ बांधले ते वाढणाऱ्या म्हाताऱ्याचे, यात लोकमानसाचा विवेक स्पष्ट दिसतो.

येथे प्रतिपक्षाची बाजू मांडली पाहिजे. फाल्गुनात होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला जी यात्रा भरते, जेथे भटक्या-विमुक्त जमाती आपल्या देवापाशी आणि आपल्या गाढवांच्या बाजारासाठी दूरदूरहून येतात, अशा यात्रांतूनच महाराष्ट्राच्या खेड्यांनी चित्रपट पाहिला. मालमोटारीवर तंबू, कापडी पडदा आणि प्रक्षेपक लादून टुरिंग टॉकीज एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस जात, आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारा होताच दिवसभर चालून आलेली माणसे जमिनीवर बैठक मारीत. त्या माणसाने कथेची एकसंधता मागितली होती काय? त्याला हाणामारी हवी होती, नागीण हवी होती, देवाचे प्रकट होणे हवे होते. रीळ तुटले तरी त्याची तक्रार नव्हती. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०२ मध्ये चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट काढला, तोही निव्वळ नवलाचा होता, आणि चित्रपटाचा जन्मच अशा नवलातून झाला, असे कोणी म्हणेल.

ही कैफियत मला बव्हंशी मान्य आहे. फक्त तिच्यात एक हिशेब राहून गेला आहे, तो लांबीचा. मेलिएसची सफर काही मिनिटांत आटोपते, आणि तितक्या अवकाशात नवलाला कथेचा टेकू लागत नाही. आजचा अद्भुतपट अडीच-तीन तास चालतो. तितका वेळ माणूस केवळ डोळ्यांवर जगू शकत नाही; पहिल्या अर्ध्या तासात जो स्फोट मोठा वाटला तोच दुसऱ्या तासात लहान वाटतो, मग त्याहून मोठा स्फोट हवा, मग त्याहून मोठा, आणि शेवटी इतका गोंगाट होतो की कशाचेच काही वाटेनासे होते. शिवाय तंबूतला प्रेक्षक कथेविना आला नव्हता. रामाची, कृष्णाची, नाथांची कथा तो घरून घेऊन आला होता. पडद्यावर तुकडे दिसले तरी दोरा त्याच्यापाशी होता.

आता आजच्या काळाकडे येऊ, आणि दाखलाही मराठी माणसाचाच घेऊ. ओम राऊत यांनी दिग्दर्शित केलेला ‘आदिपुरुष’ १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. रामायणासारखी कथा, प्रभास यांच्यासारखा नायक, अजय-अतुल यांची गाणी, आपले देवदत्त नागे हनुमंताच्या भूमिकेत, त्रिमितीचे तंत्र, आणि प्रत्येक चित्रपटगृहात मारुतिरायासाठी एक आसन राखून ठेवण्याचा संकल्प. साहित्यात कसलीच उणीव नव्हती. पहिल्या तीन दिवसांत लोकांनी गर्दी केली, आणि सोमवारी ती ओसरली. संवादांच्या उथळपणावर देशभर संताप झाला, तेव्हा ते संवाद काही दिवसांत बदलण्यात आले. त्याआधीची हकिगत मला अधिक उद्बोधक वाटते. २ ऑक्टोबर २०२२ रोजी अयोध्येत चित्रपटाची पहिली झलक दाखविण्यात आली, तीतील दृश्यांची टवाळी झाली, आणि प्रदर्शन जानेवारीतून जूनमध्ये नेण्यात आले. चित्रांच्या दुरुस्तीसाठी पाच महिन्यांची मुदत घेण्यात आली. कथेच्या दुरुस्तीसाठी मुदत मागावी असे कोणास सुचले नाही. काळवंडलेली लंका, वटवाघळासारखे उडते श्वापद, वानरांचे लोंढे, हे सारे पडद्यावर येते आणि जाते, पण लंका जळते तेव्हा कोणाच्या काळजात काय जळते, हे कळण्याइतका अवकाश त्या पात्रांना मिळत नाही. अशोकवनातील सीता तेथे संकटाची मालकीण नाही, केवळ युद्धाचे निमित्त आहे.

याचा अर्थ दिग्दर्शकाला दृश्ये कळतात आणि कथा कळत नाही असा घाईचा निष्कर्ष कोणी काढू नये. याच ओम राऊतांचा ‘तान्हाजी’ १० जानेवारी २०२० रोजी आला. त्यातही संगणकाने रचलेले कडे आहेत, दऱ्या आहेत, अतिशयोक्तीने भरलेल्या झुंजी आहेत, आणि इतिहासकारांनी त्यावर योग्य ते आक्षेपही घेतले. तरी तो प्रेक्षकांनी आपला मानला, कारण कोंढाण्याचा प्रत्येक कडा चढताना आपल्याला ठाऊक असते, की घरी रायबाचे लग्न खोळंबले आहे. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये आणि शांतारामबापूंनी १९३३ मध्ये ‘सिंहगड’ काढला, तेव्हाही त्या गडाची उंची लग्नघराच्या मापानेच मोजली गेली होती. दिग्दर्शक तोच, तंत्रही बहुतेक तेच. एका ठिकाणी किंमत मोजणारा माणूस होता, दुसऱ्या ठिकाणी तो हरवला.

तो का हरवतो, याची कारणे केवळ अभिरुचीत नाहीत, धंद्याच्या व्यवस्थेतही आहेत. असा चित्रपट अनेक भाषांत एकाच दिवशी विकायचा असतो. संवादाला प्रत्येक मुलखात दुभाषा लागतो, विनोद वाटेत सांडतो, पण कोसळणाऱ्या बुरुजाला भाषांतर लागत नाही, म्हणून भांडवल बुरुजावर लागते. दुसरे असे, की चित्रणाच्या वेळी नटापुढे लंका नसतेच. तो हिरव्या वा निळ्या पडद्यापुढे उभा राहून कल्पनेतल्या शत्रूकडे पाहतो, आणि त्याच्या नजरेसमोरचे जग पुढे कित्येक महिने निरनिराळ्या शहरांतले शेकडो कारागीर संगणकावर रचतात. त्यांच्या कौशल्याला माझा नमस्कार आहे. त्यांच्यावर या अपयशाचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. पण दृश्ये इतकी आधी ठरवून त्यांच्यावर इतका पैसा अडकला, म्हणजे पुढे लेखकाला कथेतील एखादा कमकुवत दुवा दिसला तरी तो बदलण्याचा अखत्यार त्याच्या हाती राहत नाही. लेखकाचा कागद सर्वांत स्वस्त, म्हणून त्याचेच मोल सर्वांत कमी धरले जाते, हा या व्यवहारातील मोठा उफराटा न्याय आहे.

आणि याच्या उलट टोकाचा पुरावा आपल्या घरात आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, आणि पुढे वर्षभर त्याची ५६ गीते महाराष्ट्राने ऐकली. त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. कापडाने झाकलेल्या एका लाकडी पेटीतून येणारा आवाज, एवढेच दृश्य. तरी माणसे त्या पेटीला हार घालीत, असे जुने लोक सांगतात. माडगूळकरांनी तेथे केलेली योजना पाहा: कुश आणि लव रामाचीच कथा रामापुढे गातात. म्हणजे प्रत्येक चमत्काराला पहिला श्रोता असा मिळाला, की ज्याने त्याची किंमत स्वतः मोजली आहे. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ लागले. त्यातील बाण आकाशात एकमेकांवर आपटून विझत, ते कसे केले आहे हे लहान मुलालाही समजे, आणि तरी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. कथा भक्कम असली म्हणजे प्रेक्षक चमत्कारातली खोट आपण होऊन भरून काढतो. कथा पोकळ असली म्हणजे निर्दोष चमत्कारातही तो खोट शोधीत बसतो.

या सभेत बरीच तरुण मंडळी दिसतात, आणि त्यांतील काही पुण्या-मुंबईस जाऊन संगणकीय दृश्यरचनेचे शिक्षण घेत असतील, काही मोबाईलवरच लघुपट करीत असतील. त्यांना मी थाट सोडा असे सांगणार नाही. ज्या मुलखात डोंगर सोन्याचा झाला त्या मुलखात असा उपदेश शोभणारही नाही. माझी विनंती एवढीच, की अंदाजपत्रकात एका दृश्यासाठी रक्कम मांडण्यापूर्वी त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्यात लिहा, की या दृश्याने कथेतल्या कोणाचे काय जाणार आहे. तो रकाना भरता आला, तर पैसा कमी पडला तरी चालेल. फाळक्यांना तो नेहमीच कमी पडत होता. तो रिकामा राहिला, तर ते दृश्य कापा, मग ते कितीही सुंदर असो. आणि आम्हा प्रेक्षकांनीही तिकिटाचे पैसे कशासाठी दिले याचा जाब स्वतःला विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे. कारण पहिल्या तीन दिवसांची गर्दी आम्हीच करतो, आणि त्या गर्दीच्या आकड्यांवरच पुढच्या चित्रपटाचा मंजुरीचा कागद निघतो. निर्मात्याला दोष देण्याचा अधिकार ज्याला हवा असेल, त्याने आधी शुक्रवारऐवजी सोमवारी तिकीट काढण्याचा संयम दाखवावा.